कपाट नंबर चार

पुस्तक मागायला आलेल्या माणसाला काकाजी पुस्तकाचं नाव विचारत नाहीत. ते विचारतात, "कोनासाठी पायजे?" "माझ्याचसाठी" असं उत्तर आलं की चष्मा कपाळावर चढतो आणि समोरच्याला नखशिखांत न्याहाळलं जातं. त्याचं शिक्षण, त्याची शेती, मागच्या खेपेचं पुस्तक त्यानं किती दिवस ठेवलं, परत आणलं तेव्हा त्यात विजेचं बिल निघालं की तंबाखूची पुडी, सगळं त्या एका नजरेत तपासून होतं. मग निकाल लागतो. "हे नाई जमनार तुले. हे घेऊन जाय." आणि हातात भलतंच पुस्तक पडतं. रागारागानं घरी नेलेलं ते भलतं पुस्तक आपण रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी काकाजींना ते कळू नये म्हणून आठ दिवस तिकडे फिरकत नाही.

मी त्यांना कामठ्यात बसवलं आहे, पण गावातल्या कोणत्याही हजेरीपटावर ते सापडायचे नाहीत. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी एक काकाजी असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे नाना, कुठे नुसतंच सर. गोंदियाकडे वडीलधाऱ्या माणसाला काकाजी म्हणायची रीत, म्हणून इथे काकाजी.

गाव जुनं, नावाजलेलं. गोंदिया आणि भंडारा मिळून एकच जिल्हा होता तेव्हा त्यातली कामठ्याची जमीनदारी मोठी समजली जाई. १८१८ साली इथल्या चिमणा पाटलानं इंग्रजांशी उभा दावा मांडला आणि कॅप्टन गॉर्डनला फौज घेऊन कामठ्याच्या गढीवर यावं लागलं. अलीकडे गाव ओळखलं जातं ते लहरीबाबांच्या आश्रमासाठी. गढी आणि आश्रम सांगून झाले की माणसं थांबतात. गावात वाचनालयही आहे हे कोणी सांगत नाही, ही काकाजींची जुनी खंत. त्यावर त्यांनी उपायही केला. रसेल साहेबानं संपादित केलेलं १९०८ सालचं भंडारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर कुठूनसं मिळवून त्यातल्या कामठ्याच्या पानांची झेरॉक्स काढली, तिला पुठ्ठ्याची बांधणी केली आणि रीतसर दाखल क्रमांक दिला. ती चार पानं गावात कोणी वाचलेली नाहीत, पण गणपतीतल्या प्रत्येक भाषणात "गॅझेटियरमध्ये लिहून आहे" हे वाक्य असतंच. न वाचता एवढं चाललेलं दुसरं पुस्तक त्यांच्या संग्रहात नाही.

काकाजींच्या पगाराचा विषय निघाला की ते स्वतःच हसायला लागतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानं ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान द्यायची सोय केली. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले, आणि खेड्यातलं वाचनालय बहुधा 'ड' वर्गात जाऊन बसलं. २०१२ नंतरची दहा वर्षं 'ड' वर्गाला वर्षाचे ३० हजार मिळत. त्यातले निम्मे पगाराचे, निम्मे पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज, खडू, फडकं आणि उंदरांचं औषध यांचे. म्हणजे काकाजींना महिन्याला साडेबाराशे. २०२२ साली ६० टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा गावातल्या एकानं पेपरात मथळा वाचून काकाजींना पार्टी मागितली. काकाजींनी कागदावर हिशेब मांडून दाखवला, महिन्याचे दोन हजार झाले होते. मागणाऱ्यानंच चहा पाजला. शिवाय हे अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं आणि हप्ता कधी येईल हे ज्योतिषाच्या पुस्तकातही सापडत नाही, असं काकाजी सांगतात. ते पुस्तक त्यांनी तपासूनच दिलेलं असतं.

एवढ्या पैशात कोणतं पुस्तक घ्यायचं, हे ठरवायला समिती आहे. अध्यक्षांना जाड पुस्तकं हवी असतात. पाहुणे आले की कपाट भरलेलं दिसलं पाहिजे. सचिवांना शासनमान्य यादीतलीच हवी असतात, म्हणजे हिशेब तपासताना कोणी बोट ठेवत नाही. एका सदस्याच्या भाच्याचा कवितासंग्रह आलेला असतो. त्याच्या पाच प्रती घ्याव्यात असं त्यांचं नम्र मत असतं. बचत गटाच्या ताई दिवाळी अंकांसाठी भांडतात. सगळ्यांत तरुण सदस्य एकच गोष्ट सांगतो, पोलीस भरतीची पुस्तकं घ्या, बाकी सगळं मोबाईलवर मिळते. काकाजी प्रत्येकाला "हव जी" म्हणतात आणि प्रत्येकाचं लिहून घेतात. खरेदी मात्र ते मागणी वहीवरून करतात.

ही मागणी वही पाहण्यासारखी आहे. डाव्या पानावर वाचकानं मागितलेलं पुस्तक आणि उजव्या पानावर काकाजींचा शेरा. 'मृत्युंजय': 'आहे, दोन्ही प्रती फाटल्या, तिसरी घ्यावी.' इंग्रजी बोलायला तीस दिवसांत शिकवणारं पुस्तक: 'मागच्या वर्षी नेलेल्याशी इंग्रजीत बोलून पाहिलं, घेऊ नये.' घरच्या घरी मधमाश्या: 'शेजाऱ्यांना विचारून घ्यावं.' कोणा मुलानं 'भुताचं कोणतंही' एवढंच लिहिलं होतं. त्यापुढे शेरा होता, 'रास्त.'

मार्च जवळ आला, दुसरा हप्ता पडला की पुस्तकांचे एजंट मोटारसायकलवरून येतात. पाचशे रुपये छापील किमतीचं पुस्तक दीडशेला, पावती हवी तशी, वर एक पिशवी भेट. काकाजी त्यांना पाणी देतात आणि परीक्षा सुरू करतात. आधी पुस्तक एका पुठ्ठ्याला धरून लोंबकळतं सोडायचं. पानं सुटली तर परीक्षा संपली. टिकलं तर मधलंच पान उघडून उभ्यानं वाचायला लागायचं. वाचता वाचता खुर्चीवर बसावंसं वाटलं तर पुस्तक घ्यायचं. एका एजंटानं हे हेरून पुढच्या वर्षी आल्याबरोबर काकाजींना आग्रहानं खुर्चीवर बसवलं. त्या वर्षी काकाजींनी अख्खी खरेदी गोंदियाच्या दुकानातून केली.

विकत घेतलेल्यापेक्षा दानात आलेली पुस्तकं सांभाळणं अवघड, कारण दाता गावातला असतो. निवृत्त झालेले गुरुजी, घर पाडून बांधणारे, मुलाकडे पुण्याला निघालेले, सगळ्यांना एकाएकी वाचनसंस्कृतीची आठवण होते. गठ्ठ्यात वीस वर्षांपूर्वीची दहावीची गाईडं, अर्धं पंचांग, पाणी लागून फुगलेलं शब्दकोशाचं एक अंग आणि एखाद्या बँकेची डायरी निघते. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. काकाजी नाही म्हणत नाहीत. ते पेन पुढे करतात. "पैल्या पानावर तुमचं नाव लिवा जी, आन् खाली हे पुस्तक तुमाले घरी कायले नको ते लिवा. पुढच्या वाचकाले कामी येते." निम्मे दाते गठ्ठा परत बांधून नेतात. उरलेल्यांतल्या एकानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'बायकोने वाचू दिले नाही.' ते पुस्तक नंतर कधी कपाटात दिसलंच नाही, सतत कोणाच्या ना कोणाच्या घरी असतं.

अशाच एका गठ्ठ्यातून खोल समुद्रातल्या मासेमारीवरचं सचित्र पुस्तक आलं. गोंदियातून समुद्र म्हणजे सगळा महाराष्ट्र ओलांडून गेल्यावर लागणारी वस्तू. सचिव म्हणाले, हे बाजूला टाका. काकाजींनी ते मामा तलावात जाळं टाकणाऱ्या एका ढिवराच्या घरी नेऊन दिलं. मालगुजारांच्या काळातले हे तलाव या जिल्ह्यात गावोगाव आहेत आणि मासा म्हणजे काय ते या लोकांना सांगायला पुस्तक लागत नाही. त्यानं दोन महिने पुस्तक ठेवलं. परत देताना एवढंच विचारलं, "सगळं ठीक हाय काकाजी, पन समुद्राची पाळ कोन बांधते?" काकाजींनी हा प्रश्न मागणी वहीत लिहून ठेवला आहे. उत्तर देणारं पुस्तक आलं तर ते घेणार आहेत.

काकाजींनी ग्रंथपालनाची प्रमाणपत्र परीक्षा दिलेली आहे, हे त्यांच्या टेबलामागच्या चौकटीवरून कळतं. मेल्विल ड्युई या अमेरिकी माणसानं १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा वर्गांत वाटून टाकलं. त्याच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा आणि भातपिकाला ६३३.१८. परीक्षेहून परत आल्यावर काकाजींनी उत्साहानं सगळ्या पुस्तकांना आकडे चिकटवले. पण गावच्या वाचनालयात दहातली नऊ पुस्तकं मराठी साहित्याची, त्यामुळे सगळी कपाटं ८९१.४६ झाली. भातपिकाच्या आकड्याखाली एकुलतं एक पुस्तक राहिलं. धान पिकवणाऱ्या गावात धानाची ही अवस्था त्यांना सहन होईना. शेवटी त्यांनी ड्युईला हात जोडले आणि आपली पद्धत काढली. कपाट नंबर एक, चालणारी. नंबर दोन, अभ्यासाची. नंबर तीन, देवाधर्माची आणि महापुरुषांची. नंबर चार, न चालणारी.

नंबर चारच्या कपाटात काय नाही? एका विस्मृत आमदाराचं आत्मचरित्र आहे, भुईमुगाच्या रोगांवरचा अहवाल आहे, मराठी विश्वकोशाचे मधलेच तीन खंड आहेत, आणि एका चार भागांच्या कादंबरीचे दुसऱ्यापासूनचे तीन भाग आहेत. या कपाटावरून काकाजी आणि समिती यांचा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे. न वाचली जाणारी, फाटकी, कालबाह्य पुस्तकं ठराव करून नोंदीतून कमी करायची सोय नियमात आहे; त्याला निर्लेखन म्हणतात. ग्रंथालयशास्त्र सांगतं की संग्रह जिवंत ठेवायचा तर हे केलंच पाहिजे. पण अनुदानाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं अशा आकड्यांवर. त्यामुळे दाखल नोंदवहीत जे पुस्तक आहे ते वाळवीनं खाल्लं तरी जगतं. २०१२ साली महसूल खात्याच्या माणसांनी राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी केली. सातबाऱ्याची सवय असलेली माणसं पुस्तकांचे कणे मोजत होती. तेव्हापासून पुस्तक कमी करायचं म्हटलं की सचिवांचा हात थरथरतो. संख्या घटली आणि वर्ग गेला तर? दुसरीकडे अध्यक्षांना जागा हवी असते.

काकाजींचा विरोध या दोघांहून वेगळा आहे. त्यात भवभूती येतो. हा आठव्या शतकातला संस्कृत नाटककार 'मालतीमाधव'च्या प्रस्तावनेत आपल्या घराण्याचं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगतो. आमगाव तालुक्यातलं पदमपूर तेच, याबद्दल आमच्या भागात कोणाला शंका नाही, आणि शंका असणारा माणूस इथे भाषणाला बोलावला जात नाही. त्याच प्रस्तावनेत भवभूती आपल्याला नावं ठेवणाऱ्यांना सुनावतो की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. माझ्या जातकुळीचा कोणी तरी कधी तरी, कुठे तरी जन्माला येईल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. काकाजींच्या मते ग्रंथालयशास्त्राची सुरुवात इथे होते. १९३१ साली ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी पाच सूत्रं लिहिली, त्यांतलं तिसरं म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. "आपल्या पदमपूरच्या मानसानं हे बाराशे वर्सं आधी सांगून ठेवलं," काकाजी दर १२ ऑगस्टला, रंगनाथन जयंतीला, त्यांच्या फोटोला हार घालताना सांगतात, आणि त्यात रंगनाथन यांचा अपमान होऊ नये म्हणून पुन्हा एकदा नमस्कार करतात. "ह्या कपाटातल्या पुस्तकाचा वाचक जन्माले यायचा हाय. तवपर्यंत मी कोन काढनारा?"

यावर अध्यक्षांनी एकदा उत्तर दिलं होतं. "काकाजी, काळ अनंत असेल. खोली बारा बाय चौदा आहे."

तरी काकाजी वाचकाची नुसती वाट पाहत बसतात असं नाही. गावाचं वेळापत्रक त्यांना पाठ आहे. आषाढात परे खोदून रोवणी सुरू झाली की दिवसा वाचनालयात चिटपाखरू नसतं, म्हणून तेव्हा ते संध्याकाळी उघडतात. तसेही दिवसा ते स्वतः बांधीत चिखलात उभे असतात. पावसाळ्यात माणसं लांबलचक कादंबऱ्या नेतात. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई सुरू होतात, दंडार आणि झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात, आणि नेमके तेव्हाच दिवाळी अंक येतात. पुण्या-मुंबईत दिवाळी अंक दिवाळीत वाचतात. इथे ते मंडईचं जागरण उतरल्यावर, धान चुरून झाल्यावर वाचले जातात. त्यामुळे काकाजी आदल्या वर्षीच्या अंकांची गठडी निम्म्या किमतीत घेतात. अंकातलं भविष्य घडून गेलेलं असतं, त्यामुळे ते बरोबर निघालं की नाही हे वाचकांना लगेच पडताळता येतं, हा अधिक फायदा.

गेल्या काही वर्षांत मात्र खोलीत नवी माणसं आली. पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक भरती. सकाळी धावून आलेली मुलं-मुली घाम पुसत सहा तास बसतात. कपाट नंबर दोन रिकामं करतात, एकाच मासिकात चौघं डोकं घालतात, आणि बसायला जागा नसली की पायरीवर बसतात. पायरीवर बसलेल्या मुलीला पाहून एक दिवस अध्यक्षांनी ठराव मांडला: अभ्यासासाठी एक मोठं टेबल घ्यावं, त्यासाठी कपाट नंबर चार हलवावं, आणि पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं निर्लेखित करावीत. भावकीतल्या भांडणात दोन टोकांना बसणारे सदस्यही या वेळी एका बाजूला होते. काकाजींनी खिडकीतून पायरीकडे पाहिलं. "हव जी," ते म्हणाले, "टेबल तं पायजेच. फक्त यादी कराले एक महिना द्या."

त्या महिन्यात गावानं काकाजींना प्रथमच सायकलच्या कॅरिअरला पिशव्या बांधून हिंडताना पाहिलं. विस्मृत आमदाराचं आत्मचरित्र ग्रामपंचायतीत पडलेल्या उमेदवाराच्या घरी गेलं. भुईमुगाचे रोग कृषी केंद्राच्या काउंटरवर. विश्वकोशाचा एक खंड न्हाव्याच्या दुकानात, जिथे वाद मिटवायला तो लागतो. तिथे आता कोणताही वाद त्या खंडातल्या अक्षरांपुरताच घालायचा, असा नियम पडला आहे. चार भागांच्या कादंबरीचा दुसरा भाग रेशन दुकानदाराला, कारण मशीनवर अंगठा उमटेपर्यंत त्याला रोज तासन् तास बसावं लागतं. प्रत्येकाची देवघेव वहीत रीतसर नोंद, तारीख, सही.

महिन्यानंतर समिती बसली. काकाजींनी निर्लेखनाची यादी पुढे ठेवली. वर मथळा होता, खाली रेघा आखलेल्या होत्या आणि रेघांमध्ये काहीच नव्हतं. पाच वर्षांत बाहेर न गेलेलं पुस्तक उरलंच नव्हतं. ग्रंथसंख्या जिथल्या तिथे, म्हणून सचिव खूश. कपाट रिकामं, ते उचलून व्हरांड्यात ठेवलं, टेबल आलं, म्हणून अध्यक्ष खूश. त्यांनी फक्त एक शंका काढली, पुस्तकं परत आली की कुठे ठेवणार? काकाजी म्हणाले की रंगनाथन यांचं पाचवं सूत्र असं आहे की ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, आणि ती खोलीतच वाढली पाहिजे असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

पुस्तकं परत येतातही. काही तशीच, कोरी, धूळ झटकून. काही मात्र मधोमध उघडल्याच्या खुणा घेऊन, आणि काहींबरोबर माणूस भांडायला येतो. रेशन दुकानदार परवा भर गर्दीत दुकान बंद करून आला. दुसरा भाग टेबलावर आपटला. भरतीची मुलं दचकून वर पाहू लागली.

"काकाजी, ही बाई पळून गेली ते ठीक. पन पळाली कोनासंगं, ते पैल्या भागात हाय. पैला भाग कुठी हाय?"

पहिला भाग कधीचाच वाळवीनं नेलेला. काकाजींनी चष्मा कपाळावर चढवला, दुकानदाराला नखशिखांत न्याहाळलं, आणि मागणी वही ओढून त्याचं नाव लिहिलं. उजव्या पानावर शेरा घातला: 'वाचक आला. ताबडतोब घ्यावं.'